दुसरी सायकल

वेदिकाने दोन सायकलींची पुढची चाकं काढली, गाडीची मागची सीट पाडली आणि मध्ये जुनी चादर घालून दोन्ही सायकली छोट्या गाडीत बसवल्या. पुढच्या सीटवर बाबा होते. कंपवातामुळे चालताना त्यांचे पाय जमिनीला चिकटून राहायचे.

"दुसरी कोणासाठी गो?" शेजारच्या गोदूकाकूंनी विचारलं.

"बाबांसाठी."

"ओटीवरून गाडीत यायला पंधरा मिनिटं लागली त्यांना."

"चालत आले ना, म्हणून."

आरे-वारेच्या सपाट रस्त्यावर तिने चाकं परत लावली, बाबांना सायकलवर बसवलं आणि सीट धरून ती सोबत चालू लागली. पहिलं पॅडल अडखळलं. मग पाय एका लयीत फिरू लागले. वेदिकाला धावावं लागलं.

"किती धावशील गो?" बाबा म्हणाले. "जा, तुझी सायकल आण."