निळं आकाश

गल्लीच्या टोकाला कचरा जाळायची भट्टी होती आणि तिच्या धुराने काकांचा खोकला काही केल्या हटत नव्हता. त्यामुळे ‘गच्चीवरून रोज आकाशाचा फोटो मोबाईलने पाठवा, त्यावरून आम्ही धूर मोजू’ असं हवा तपासणाऱ्या खात्याने आवाहन केलं, तेव्हा काकूंनी सगळ्यांत आधी नाव दिलं. भट्टी हलली तर यातूनच हलणार होती.

पहिला फोटो पाठवताना मात्र त्यांचा हात अडखळला. आकाश फरशी पुसायच्या फडक्यासारखं दिसत होतं.

“असलं मळकट पाठवू? चारचौघांत शोभा होईल गल्लीची!”

“अगं, मळकट आहे म्हणूनच तर पाठवायचं!” काका खोकत खोकत म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. पाहुणे यायचे तर घर आवरतोच ना आपण?”

भाचीच्या लग्नाच्या फोटोंतले चेहरे मोबाईलच्या ज्या बटणाने उजळले होते, त्याच बटणाने काकूंनी आकाशही उजळलं. मग शेजारणींनाही शिकवलं.

वर्ष सरायच्या आत खात्याचे साहेब गुच्छ घेऊन दारात हजर.

“अभिनंदन, काकू! सगळ्या शहरात सर्वांत स्वच्छ हवा तुमच्या गल्लीची. म्हणून दुसरी भट्टीही इथेच द्यायची ठरलीय. इथल्या हवेला सोसेल.”

काकूंनी आकाशाकडे बोट दाखवलं. “अहो साहेब, फोटो राहू द्या, एकदा वर तरी बघा!”

साहेबांनी वर पाहिलं नाही. त्यांचं लक्ष खोकून बेजार झालेल्या काकांकडे गेलं होतं.

“इतक्या चांगल्या हवेत असा खोकला?” ते काळजीने म्हणाले. “नीट शोधा, काकू. कारण घरातच असणार.”