फियाटचा तांबडा दिवा

सोनईच्या अलीकडे दिवा पुन्हा लागला.

"बघा, लागला," शेजारच्या सीटवरून विजयाबाई म्हणाल्या.

यज्ञेश्वर सरांनी चरफडत फियाट रस्त्याच्या कडेला घेतली. पन्नास वर्षांची गाडी, तिचा पेट्रोलचा काटा कधीच बंद पडलेला. म्हणून राहुरीच्या रामहरी मेकॅनिककडून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी डॅशबोर्डवर बाहेरचा एक तांबडा दिवा बसवून घेतला होता. पेट्रोल संपत आलं की लागायचं, एवढंच त्याचं काम. पण हा टाकी भरलेली असतानाच लागायचा. देवळाली प्रवरेहून घोडेगावला लेकीकडे निघालं, की दर शनिवारी, राहीबाईच्या रसवंतीसमोर. आणि सर बॉनेट उघडायला खाली उतरले, की विझून मोकळा!

चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? सरांनी टाकीत काडी घालून पाहिली. पाऊण टाकी पेट्रोल. वायरींचे जोड घासून लख्ख केले. गाडीचा वेग, ऊन, रस्त्यातले खड्डे, सगळं वहीत लिहून ठेवलं. काही म्हणता काही जुळेना. तोवर विजयाबाई रसवंतीवर जाऊन ग्लासभर रस प्यायच्या, राहीबाईशी बोलत चरकाच्या बैलाच्या मागून चार फेऱ्या मारायच्या आणि ताज्यातवान्या होऊन परत यायच्या. आपण इथे घामाघूम झालोय आणि हिला रस सुचतो कसा, हे सरांना दुसरं कोडं.

रामहरीने दोनदा तपासलं. "दिवा बराबर हाय, सर," एवढंच म्हणाला, तेही खाली बघून. नववीतही तो असाच खाली बघायचा, म्हणून सरांनी मनावर घेतलं नाही.

शेवटी गुरुवारी त्यांनी स्वतःच डॅशबोर्ड खोलला. दिव्याच्या मागे दोन वायरी हव्या होत्या, निघाल्या तीन. तिसरी, निळी, मॅटखालून डाव्या सीटकडे गेली होती. सर गुडघ्यांवर बसून तिच्यामागे रांगत गेले. सीटखाली, हात सहज पोचेल असं, दारावरच्या बेलचं एक पांढरं बटण बसवलेलं होतं.

सरांनी ते दाबलं. दिवा लागला. सोडलं. विझला.

त्यांनी तिथूनच फोन लावला. "रामहरी, हे बटण कसलं?"



"सापडलं व्हय?" रामहरी म्हणाला. "सर, रागवू नका. काकूंनी बसवाया लावलं. म्हनल्या, माझे गुडघे आखडतात म्हनून सांगितलं तर हे 'आता आलंच' म्हनत्यात आन् गाडी दामटत्यात. गाडीचं काय दुखलं तरच थांबत्यात."

सर डाव्या सीटवर बसून राहिले. पाय पुढे लांब करून पाहिले. जागा पुरेना. मग उठून त्यांनी डॅशबोर्ड बसवला, तिन्ही वायरी होत्या तशा ठेवून.

शनिवारी ते मजेत निघाले. वही घरीच ठेवली. एरवी पेट्रोल भरायचे त्या राहुरीच्या पंपाकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. दिव्याचं गुपित आता आपल्याला ठाऊक होतं ना! रसवंती दिसायला लागली आणि दिवा लागला. सरांनी मिशीतल्या मिशीत हसत गाडी थेट लिंबाच्या सावलीत नेली. बॉनेटकडे न जाता वळसा घालून डावं दार उघडलं आणि हात पुढे केला.

"उतर सावकाश. घाई नाही."

विजयाबाईंनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग हात धरला. दोघांनी बैलाच्या मागून चार फेऱ्या मारल्या, रस घेतला, आलं घालून आणखी एकेक घेतला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण रस्त्यात असे दोघं कधी बसलेच नव्हते.

"रामहरीचा फोन आला होता मला," ग्लास खाली ठेवत विजयाबाई म्हणाल्या.

सर ओशाळून हसले. "मग आता चोरी कशाला? हवं तेव्हा दाबत जा की बटण."

"दाबीन हो," विजयाबाई म्हणाल्या. "पण आज मी दाबलेलंच नाही."