छपरावरचं प्लास्टर

रोहिणीने छिन्नी टेकवून हातोडी मारली, पण प्लास्टर फुटलं नाही. भिजलेल्या खडूसारखं ते आत दबलं आणि एक तुकडा हातात आला. तुकड्याच्या पाठीला काथ्या लोंबत होता.

ती ट्रेलरच्या छपरावर गुडघे टेकून बसली होती. जीपमागे जोडून न्यायची ही चाकांवरची खोली तिच्या वडिलांनी, जगनने, अलिबागकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून आणली होती. पहिल्याच पावसात ती गळाली, तेव्हा हमरापूरचा मूर्तिकार करील तेच त्याने केलं. सांध्यावर काथ्या पसरला, वर प्लास्टर ओतलं, ओल्या हाताने गुळगुळीत केलं. गणपतीच्या पाठीला तडा गेला तर असंच करतात. पण गणपती कोणी पावसात ठेवत नाही. प्लास्टर पाणी पीत राहिलं, जगन दर वर्षी वरून आणखी एक थर देत राहिला, आणि खालचं प्लाय कुजत गेलं. ते तिने गेल्या रविवारी आतून कापून काढलं आणि नवं बसवलं. आता छप्पर उरलं होतं.

अंगणापलीकडच्या गणपतीच्या कारखान्याच्या दारातून जनूकाका बाहेर आले. हात कोपरापर्यंत पांढरे.

"रोहिणी, खाली उतर गो. माझ्या भावाच्या हातचं हाय ते. गेलेल्या माणसाचं काम असं फोडतात व्हय?"

"बाबांच्या हातचं आहे म्हणून मी फोडतेय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता."

"तू फोड नायतर ठेव. भंगारवाला येतोय दुपारी, सांगितलंय मी त्याला. नवा माल सुकवायला अंगण लागतंय."

"अंगण आमचंही आहे, काका."

खाली पायरीवर तिची आई, सरू, छपराच्या पट्टीचे जुने स्क्रू रॉकेलमध्ये घासत बसली होती. जनूकाका तिच्याकडे वळले.

"वहिनी, तुम्ही तरी बोला. बापानं जन्मभर गणपती घडवले, आन पोरगी पत्र्याच्या डब्यातनं फिरायला निघाली. लोक हसतात."

सरू स्क्रू घासत राहिली. रोहिणीच वरून बोलली.

"आपले गणपती दुबईला जातात, काका. आई रोह्याच्या पुढं गेली नाय. रोह्याला गेली तीपण माहेर हाय म्हणून."

कामावर आणि पुस्तकांत राहून रोहिणीची भाषा बदलली होती. रागात मात्र ती हमरापूरची व्हायची.

शेवटचा थर कोपऱ्यावर होता. त्यावर जगनची चार बोटं उमटली होती, आणि शेजारी अंगठा, जरा जोरात दाबलेला. खाली जनूकाका अजून बोलत होते, पण तिला ऐकू येत नव्हतं. तिने बोटांवर आपली बोटं ठेवली. ती बसली नाहीत. त्याचा हात मोठा होता. मग तिने छिन्नी बरोबर अंगठ्यावर टेकवली आणि हातोडी उचलली.

पत्रा उघडा पडला. तिने सांधा घासला, पुसला, उन्हात कोरडा होऊ दिला. त्यावर रबराची चिकटपट्टी दाबत नेली, वर ॲल्युमिनियमची पट्टी धरली. सरू उठून एकेक स्क्रू हातात देऊ लागली. शेवटचा स्क्रू पिळून झाला तेव्हा जनूकाका पाण्याची बादली घेऊन शिडीशी उभे होते.

"मी ओततो. थेंब आत आला तर भंगारात."

"ओता."

रोहिणी खाली उतरली. सरू आत गेली आणि दार ओढून घेतलं. जनूकाकांनी पहिली बादली सांध्यावर ओतली, दुसरी कोपऱ्यावर. तिसरी त्यांनी जोराने भिंतीवरच मारली, खिडकीसकट. सगळीकडून पाणी निथळलं. अंगणात पांढरा चिखल झाला.

"काय हो वहिनी?"

आतून सरूचा आवाज आला. "खिडकीखाली ओलं झालंय."

रोहिणी आत गेली. तिने छताचं नवं प्लाय तळहाताने चाचपलं, कडेकडेने, कोपऱ्यापर्यंत. मग दारात आली.

"छप्पर कोरडं आहे. खिडकीचं रबर गेलंय. पुढच्या रविवारी बदलते."

"थेंब तो थेंब. आपली बोली झाली होती."

"बोली तुमची होती. मी फक्त 'ओता' म्हटलं."

"बापावर गेलीस," जनूकाका म्हणाले. "त्यालापण सांगून कळायचं नाय."

"नाय कळायचं."

फाटकाशी टेम्पो थांबला. भंगारवाला आत आला, जनूकाकांना हात केला आणि ट्रेलरभोवती एक फेरी मारली. पत्र्यावर बोटं वाजवली, टायरला पायाने ढोसलं. रोहिणी दारातून हलली नाही.

"ताई, बाजूला व्हा. आतून बघू द्या, त्याशिवाय भाव कसा सांगू?"

त्याने एक पाय पायरीवर ठेवला. रोहिणीच्या मागे सरू जमिनीवर बसून खिडकीखालचं पाणी फडक्याने पुसत होती. तिने फडकं पिळलं आणि तिथूनच त्याच्या पायांकडे पाहिलं.

"चपला बाहेर काढा."

भंगारवाल्याने जनूकाकांकडे पाहिलं. जनूकाका रिकाम्या बादलीत बघत होते. त्याने पाय पायरीवरून खाली घेतला, आणि वाकून चपलेचा पट्टा सोडू लागला.