खिंडीतला बुटक्या

नीवेसने डोक्यापासून सुरुवात केली. आधी टोपी काढली. टोपी म्हणजे तिनेच लावलेली पाटी होती, ‘कलाकृतीला हात लावू नये’. कुणीतरी ती उपटून वर आडवी ठेवली होती. मग एकेक दगड काढून ती उतारावर टाकू लागली.

डोंगरातल्या शिल्पवाटेच्या टोकाला, रुंद खिंडीत, तिने काही वर्षांपूर्वी गुडघाभर उंचीचं दगडांचं अर्धवर्तुळ रचलं होतं. नाव ठेवलं होतं ‘अनुपस्थिती’. पण इकडे जाणारा-येणारा वाटेवरच्या दगडांच्या राशीवर आपला एक दगड ठेवतोच, आणि अशा राशीला बुटक्या म्हणतात. दर उन्हाळ्यात ‘अनुपस्थिती’ला खांदे फुटत, मान येई. यंदा ती पुरुषभर उंच झाली होती. आज दुपारी तुल्लिओ शिल्पवाटेच्या पुस्तकासाठी फोटो काढायला येणार होता. उद्या पुस्तक छपाईला जाणार होतं. नीवेसला त्यात आपलं शिल्प हवं होतं, गावाचा बुटक्या नको होता.

झीतामावशी शेळ्या घेऊन वर आली. सवयीने हातात दगड होताच.

“पोरी, त्याने तुझं काय घोडं मारलंय?”

“मावशी, तो माणूस नाही. अनुपस्थिती आहे.”

“म्हणजे?”

“जे नाही, ते.”

“मग नसलेल्याला इतके दगड कशाला लागतात?” मावशीने हातातला दगड एप्रनच्या खिशात टाकला आणि ती शेळ्यांमागे उतरून गेली.

दुपारपर्यंत शिल्प पुन्हा गुडघ्याएवढं झालं. नीवेस त्याच्याशेजारी बसली. धुकं वर चढलं आणि खिंड भरून गेली. तुल्लिओ आला नाही. संध्याकाळी ती पायांच्या सवयीवर विसंबून मावशीच्या झोपडीपर्यंत उतरली.

तुल्लिओ चुलीजवळ बसला होता, सुजलेला पाय गार पाण्याच्या टोपात. कॅमेऱ्याची काच फुटली होती. मावशीच्या कुत्र्याला तो घळीत पडलेला सापडला होता. गावात सगळ्यांनी त्याला शिल्पाची एकच खूण सांगितली होती, खिंडीत पुरुषभर उंच बुटक्या दिसला की पोचलास.

“धुक्यात दोनदा खिंडीत पोचलो,” तो नीवेसला म्हणाला. “तिथे कुणीच नव्हतं.”

झीतामावशीने त्याच्या ताटलीत मक्याच्या पिठाचा गरम पोलेंता वाढला.

“नव्हतं कसं? अनुपस्थिती होती,” ती म्हणाली. “तीच तर बघायला आला होतास ना?”