दरोडेखोरांना निरोप

गॅविनला सिनेमातून काढून टाकलं. तसं काही झालंच नाही, असं आता सगळे म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

बहारीनच्या राजधानीत, मनामाच्या एका बंद पडलेल्या बँकेत दरोड्याच्या विनोदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. दिग्दर्शक इंग्रज, निर्माता अमेरिकन. एरवी हॉटेलात दरवान असलेल्या गॅविनला बँकेच्या वॉचमनचं काम मिळालं होतं. दिग्दर्शक म्हणायचा, दरोडा पडताना चेहरा हलवू नकोस. चहा थंड झाल्याइतकंच दुःख दिसू दे. निर्माता म्हणायचा, किंचाळ, घसर, टोपी उडव. गॅविनने कोणाचंच मन मोडलं नाही. कमरेखाली तो अमेरिकन घसरला, कमरेवर इंग्रज राहिला.

त्याला झटका आला समजून आधी डॉक्टरला बोलावलं. मग दिग्दर्शक म्हणाला, "खलास." बहारीनला येऊन तो एवढा एकच शब्द शिकला होता.

टोपी काढून घेतली. व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही काढलं. गॅविनने दाराशी उभं राहून बायकोला फोन लावला.

"कार्मेल, माझ्या सिनेमाचं वसईत कोणाकोणाला सांगितलंस?"

"मी फक्त मम्मीला. मम्मीने फादरना. फादरनी मिसानंतर माइकवरून. का रे?"

तो सांगणार, तेवढ्यात वॉचमनशिवायचा शॉट सुरू झाला आणि मुखवटे घातलेले दोन दरोडेखोर भली मोठी बॅग घेऊन दाराकडे धावत आले. गॅविनने फोन खिशात टाकला. पुढचं सगळं त्याच्या हातांनीच केलं. दार उघडलं, बॅग स्वतःकडे घेतली. तो किंचित वाकला.

"टॅक्सी बोलावू का, सर?"

एक दरोडेखोर थबकला. "प्लीज," म्हणाला.

कॅमेरा चालूच होता. इंग्रज तोंडावर रुमाल धरून गदगदत होता. अमेरिकन खुर्चीवरून खाली आला होता. दोघं एकाच गोष्टीला हसण्याची ही पहिलीच वेळ.

दिग्दर्शकाची साहाय्यक सावनी टोपी घेऊन आली. "गॅविन, होतात कुठे तुम्ही? यल्ला, चला लवकर."

"मला काढलं ना, मॅडम?"

"कोणी? मला नाही बाबा कोणी सांगितलं." टोपी तिनेच काढून घेतली होती.

खिशातून कार्मेलचा आवाज आला. "अरे, फादरना काय सांगू?"

"रविवारी परत एकदा सांगा म्हणावं."

ग्रुपमध्ये परत घेतल्याबरोबर गॅविनने मराठीत अर्ज टाकला. तो वाचता येणारी तिथे एकटी सावनी होती.

"मा. महोदय, उर्वरित कथेत सदर दरोडेखोरांना पकडण्यात येऊ नये. ज्या पाहुण्यांस दार उघडून निरोप दिला, ते बेड्यांत परत आलेले पाहणे सदर कर्मचाऱ्यास जड जाईल. तरी योग्य तो निर्णय व्हावा, ही नम्र विनंती."