कॉर्डरी ओनियन्सचा राहिलेला चेंडू

व्हर्लिनने चेंडू पुन्हा पहिल्या बेसकडे फेकला आणि रेनाटा पुन्हा पोटावर घसरत बेसला जाऊन चिकटली.

"अहो आजोबा," तोंडातली माती थुंकत ती म्हणाली, "मी कुठे पळून जात नाहीये. मला फक्त तुमचं मैदान उखडायचंय."

"उखड की. आधी सामना संपू दे."

रेनाटा बुलडोझर चालवायची. तो डावीकडच्या गवतात उभा होता. सकाळी ती कामावर आली, तर कॉर्डरी गावच्या ओनियन्स या बेसबॉल टीमचे उरलेसुरले खेळाडू पोटं आत घेऊन मैदानात आपापल्या जागी हजर. ओनियन्स म्हणजे कांदे. समोरच्यांना रडवणार म्हणून टीमला हे नाव दिलं होतं. टीम चालली तोवर रडलं ते कॉर्डरीच. कित्येक वर्षांपूर्वीच्या शेवटच्या सामन्यात मात्र कांदे एका धावेने पुढे होते. शेवटचा डाव, शेवटचा गडी, त्याने आणखी एक चेंडू हुकवला, किंवा सोडलेला चेंडू पंचाने हात वर करून योग्य ठरवला, की विजय. तेवढ्यात नदीवरून धुकं आलं आणि पंचाने सामना थांबवला. दुसऱ्या दिवशी मालकाने टीम बंद केली. थांबलेला सामना जिथे थांबला तिथूनच पुढे सुरू होतो, असा नियम आहे. मध्येच टीम बंद पडली तर काय, याबद्दल नियम गप्प होता.

त्या वेळी पहिल्या बेसवर उभा असलेला समोरच्या टीमचा धावपटू आता फ्लोरिडात राहत होता आणि फोन उचलत नव्हता. म्हणून पंच हॉलिसने रेनाटाला त्याच्या जागी उभं केलं. बेस सोडून पुढे सरकल्यावर व्हर्लिनने चेंडू तिकडे फेकला, की तिने झटकन परत बेसला शिवायचं, नाहीतर बाद.

"आणि माझं काम?" तिने विचारलं होतं.

"धावपटूला मैदान सोडून जाता येत नाही," हॉलिस म्हणाला होता. रेनाटाला हे पटलं नव्हतं. पण हॉलिस ऐंशीच्या पुढचा होता आणि छातीला उशीएवढं चिलखत बांधून आला होता. अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

बॅट घेऊन समोर उभा होता रॉइस टॅकेट. तेव्हा शेजारच्या बेल्स जंक्शनचा बॅटर, आता दोन्ही गावांचा दातांचा डॉक्टर. व्हर्लिनचे दातही तोच बघायचा. तोंडात आरसा, नळी, कापूस सगळं कोंबून झालं की विचारायचा, "त्या दिवशी काय टाकणार होतास रे? सरळ की वळता?" व्हर्लिनला उत्तर देता यायचं नाही, आणि ते त्याला बरंच वाटायचं.

कॅचर डेल्मारचे दोन्ही गुडघे धातूचे होते. तो बॅटरच्या मागे, सहलीच्या घडीच्या खुर्चीत बसला होता.

"व्हर्लिन, टाक बाबा आता," तो म्हणाला. "खुर्ची बायकोची आहे. तिला परत हवीये."

व्हर्लिनने मान डोलावली, पाय उचलला आणि चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. रेनाटा घसरली.

"हॉलिस, आताच्या नियमात इतक्यांदा तिकडे फेकता येत नाही," रॉइस म्हणाला.

"सामना जुना, नियम जुने," हॉलिस म्हणाला.

व्हर्लिनने हातातला चेंडू फिरवून पाहिला. इतकी वर्षं तो बियाण्यांच्या दुकानात नोकरी करत होता. काय करतोस म्हणून कुणी विचारलं की सांगायचा, "मी पिचर आहे. सध्या सामना थांबलाय." हा चेंडू टाकला, की तो बियाण्यांच्या दुकानातला माणूस होणार होता. आणि कांदे होणार होते गावात पूर्वी असलेली एक टीम.

त्याने वळून पाहिलं. रेनाटा आता बेसपासून चांगली चार पावलं पुढे सरकून, गुडघे वाकवून उभी होती.

"काय गं, तुला तर काम होतं ना?" पहिल्या बेसवर चेंडू झेलणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा. तो पाय कधी उचलतो ते बघू दे मला."

रॉइसने बॅट खाली टेकवली. "व्हर्लिन," तो म्हणाला, "मी दवाखाना बंद करतोय. हात थरथरतात. आता तुला विचारायला मिळणार नाही रे."

व्हर्लिनने टोपी खाली ओढली. मग त्याने पाय उचलला आणि या वेळी चेंडू समोर टाकला.

तो वळता होता. अगदी संथ. रॉइसच्या खांद्याच्या दिशेने निघाला, अर्ध्या वाटेत मन बदलल्यासारखा आत वळला आणि डेल्मारच्या हातमोज्यात जाऊन बसला. रॉइसने बॅट हलवलीच नाही. तो नुसता बघत राहिला. तिकडे रेनाटा दुसऱ्या बेसवर धूळ उडवत पोचली होती.

आता हॉलिसने हात वर केला की कांदे जिंकले, आणि संपले. सगळे त्याच्याकडे बघत होते. हॉलिस गवताकडे बघत होता.

"मला दिसला नाही," तो म्हणाला.

"अरे, तुझ्या नाकासमोरून गेला," डेल्मार म्हणाला.

"नाही दिसला म्हटलं ना."

मग सगळ्यांनी रॉइसकडे पाहिलं. चेंडू आला तसा त्याच्या तोंडावर पसरलेला आनंद अजून तिथेच होता. त्याने तळहात पँटला पुसले आणि बॅट पुन्हा उचलली.

"मलाही नाही दिसला," तो म्हणाला. "परत टाक."

दुसऱ्या बेसवर रेनाटा उठली. तिने गुडघे झटकले आणि कुणी न सांगता पहिल्या बेसकडे चालू लागली.