सरपंचांचा कप

शेणावर आणि संडासावर चालणारा गॅस बघायला डेन्मार्कचे पाहुणे दौंडजवळच्या आमच्या बौद्धवस्तीत आले. सरपंच बापूसाहेबांनी भाषण ठोकलं, "आता साऱ्या जगाची चूल एक झाली!" त्याच गॅसवर मी सगळ्यांना चहा केला. पाहुणे आवडीनं प्यायले. सरपंचांनी कपाला बोटही लावलं नाही.

"संडासाचा गॅस हाय ना," ते दुभाष्याला म्हणाले, "मन धजत न्हाई."

पाहुणीबाई हळहळली. लोकांच्या मनातली गॅसची किळस घालवायला आपली माणसं पाठवते म्हणाली.

मी दुभाष्याला म्हटलं, "हेबी सांगा बाईंना. सरपंच मतं मागायला आले व्हते, तवा मी चहा चुलीवर केला व्हता. तवाबी यांचं मन धजलं न्हाई."